डबा ए, डबा बी आणि शेवंती

आधीच सांगून ठेवतो, शेवंतीशी माझं वैर नाही. फूल म्हणून ती चांगलीच आहे. पण दिघीतल्या आमच्या सोसायटीत अजूनही एखादा नवा भाडेकरू माझी बेल वाजवतो आणि सत्यनारायणासाठी दोन हार मिळतील का म्हणून विचारतो, कारण खालच्या वॉचमनने त्याला 'शेवंतीवाले काका, चौथा मजला' असं सांगितलेलं असतं. तीस वर्षं, आधी भोसरीत आणि मग चाकणला, क्वालिटी खात्यात हातात मापाचं गेज धरून उभं राहिलेल्या माणसाची हीच ओळख उरावी, याचं मला वाईट वाटतं. म्हणून काय झालं ते एकदा नीट सांगून टाकतो.

प्रकरण सुरू झालं कंपनीच्या दवाखान्यात. माझी निवृत्ती तोंडावर आली होती आणि मला दोन वर्षांचं एक्स्टेन्शन हवं होतं. साहेब राजी होते, एचआर राजी होतं, फक्त डॉक्टरांचा 'फिट' असा शिक्का बाकी होता. डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला आणि १५४ वर ९८ असा आकडा सांगितला. मी विचारलं, टॉलरन्स किती? ते म्हणाले, १४० वर ९०च्या आत या, मग बोलू. मीठ कमी करा, चाला, रोज सकाळी दहा मिनिटं तोंड बंद ठेवून बसा आणि मग मोजा. साठ दिवसांत उतरलं नाही तर गोळी.

गोळी मला मान्य नव्हती. गोळीवर पास होणं म्हणजे रिवर्क करून पास केलेला पीस. मी जन्मभर अशा पीसला नापास म्हणून लाल रंग फासत आलो. आणि घरी बसणं तर त्याहून मान्य नव्हतं. घरी बसलेला क्वालिटीवाला काय करतो ते मी पाहिलंय. आमचे जुने साहेब निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत बायकोच्या पोळ्यांचा व्यास मोजायला लागले होते. ती माउली माहेरी निघून गेली. तेव्हा हे एक्स्टेन्शन माझ्यासाठी जगण्यामरण्याचा प्रश्न होता, आणि कॅलेंडर पाहिलं तर साठावा दिवस नेमका खंडेनवमीचा येत होता. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, आणि सुट्टीनंतर फाइल मुख्य कचेरीत जाणार. म्हणजे खंडेनवमीला शिक्का बसला तर बसला.

त्याच आठवड्यात मोबाइलवर मला शेवंतीवरचा एक शोधनिबंध सापडला. खाण्याजोग्या शेवंतीच्या फुलांत काय काय असतं याची त्यात यादीच होती. ल्युटिओलिन आणि एपिजेनिन ही फ्लॅव्होनॉइड, कॉफीतही असतं ते क्लोरोजेनिक आम्ल, पिवळ्या पाकळ्यांत ल्युटीन नावाचं रंगद्रव्य, थोडं पोटॅशियम, आणि फूल चुरगळल्यावर नाकात जातं ते कापराच्या कुळातलं तेल. ही द्रव्यं सूज उतरवतात, रक्तवाहिन्या सैल करतात, असं दिसून आलं होतं. कुठे दिसून आलं, तर बहुतेक करून काचेच्या नळीत आणि उंदरांत. हे मी प्रामाणिकपणे, पण जरा बारीक अक्षरात, एका मोठ्या कागदावर लिहिलं आणि तो कागद दारावर चिकटवला.

तो पहिल्यांदा वाचला समोरच्या इंदुताईंनी. त्या पोस्टातून निवृत्त झालेल्या, त्यामुळे बारीक अक्षर आधी वाचायची सवय. त्या म्हणाल्या, म्हणजे आतापर्यंत उंदरांना बरं वाटलंय. मी म्हणालो, विज्ञान असंच पायरीपायरीने चढतं. त्यावर त्यांनी, शेवंती देवीची आहे, आधी देवीला विचारा, असा सल्ला दिला. मी तो सल्ला हसण्यावारी नेला आणि त्याची शिक्षा लगेच मिळाली. इंदुताईंनी सोसायटीच्या ग्रुपवर 'ज्योतीरामभाऊंना शेवंतीची फुलं हवी आहेत' एवढंच टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी तीनही विंगांमधलं निर्माल्य. अगरबत्तीच्या काड्यांसकट. एका पिशवीत अर्धा नारळही होता.

मी गेलो पिंपरीच्या फुलबाजारात. तिथे नूरमोहम्मदभाई तीस वर्षं शेवंती विकतात, आमच्या कंपनीच्या मशीनपूजेचे हार त्यांच्याकडचेच. त्यांना म्हणालो, पिण्यासाठी पाच किलो शेवंती द्या. त्यांनी हातातला हार खाली ठेवला.

"भाऊ, ही हाराची फुलं. यांच्यावर आठवड्याला फवारा बसतो. देव काही बोलत नाही म्हणून चालतं. तुमचं पोट बोलेल."

असा सप्लायर मला सगळ्या नोकरीत भेटला नव्हता, आपल्याच मालाचा दोष आपण होऊन सांगणारा. वर त्यांनीच मार्ग काढला. चाकणच्या पलीकडे त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने घराभोवती हौसेने बारीक पिवळ्या शेवंतीची जात लावली होती, रोपवाटिकेतून खास पिण्याची म्हणून आणलेली, औषधाचा थेंब न मारलेली. दर दोन दिवसांनी टोपलीभर फुलं नूरमोहम्मदभाईंच्या टेम्पोतून यायची आणि मी कंपनीच्या गेटवर ती उतरवून घ्यायचो. गेटवरचा सुरक्षा रक्षक दर वेळी रजिस्टरमध्ये 'हार' असं लिहायचा आणि मी त्यापुढे कंसात 'कच्चा माल' लिहायचो.

फुलं वाळवायची गच्चीवर. पण आमच्या गच्चीवर वाळवणाला बंदी आहे, कारण तीन वर्षांपूर्वी बी विंगच्या कुरडया कबुतरांनी सी विंगच्या टीव्हीच्या डिशमध्ये नेऊन टाकल्या होत्या आणि प्रकरण पोलीस चौकीपर्यंत गेलं होतं. मी अर्ज दिला. कमिटीची सभा बसली. फूल हे वाळवण, बागकाम की पूजासाहित्य, यावर पावणेदोन तास चर्चा झाली. अखेर मी स्वखर्चाने जाळी लावावी आणि 'हे वाळवण नाही, हा प्रयोग आहे' अशी पाटी लावावी, या अटीवर परवानगी मिळाली. ती पाटी वाचायला लोक गच्चीवर यायला लागले आणि जाताना चिमूटभर प्रयोग खिशात घालून न्यायला लागले.

प्रयोगशाळेचं तर विचारूच नका. वाळलेल्या फुलांचा नमुना एका खासगी लॅबमध्ये नेला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, अन्न, पाणी, माती की पशुखाद्य? मी म्हणालो, फूल. ती म्हणाली, फूल नाहीये सिस्टीममध्ये. मग 'इतर' आणि त्याच्या आत पुन्हा 'इतर' असं करत एकदाचा नमुना आत गेला. नऊ दिवसांनी रिपोर्ट आला: ओलावा नऊ टक्के, राख आठ टक्के, वास फुलाचा, चव घेतली नाही. ल्युटिओलिन कुठंय, असं विचारलं तर म्हणाले, त्याला वेगळं मशीन लागतं, ते आमच्याकडे नाही. असा रिपोर्ट एखाद्या सप्लायरने मला दिला असता तर मी त्याला गेटबाहेर उभा केला असता. इथे मी सही करून घेतला.

आता मुख्य गोष्ट. नुसतं स्वतः पिऊन आकडा उतरला तर तो शेवंतीने उतरला की कमी मिठाने, हे कसं कळणार? ज्याला कंट्रोल, म्हणजे तुलनेचा गट नाही तो प्रयोगच नाही. म्हणून मी सोसायटीतली रक्तदाबवाली माणसं गोळा केली. मी धरून अकरा. ज्यांच्या गोळ्या चालू होत्या त्यांना, त्या बंद करायच्या नाहीत, हे मी लेखी दिलं. सहा जणांना शेवंतीचा काढा, त्याचा डबा ए. पाच जणांना हळदीने पिवळं केलेलं नुसतं कोमट पाणी, त्याचा डबा बी. कोणाला कुठला डबा, हे माझ्यासकट कुणालाच ठाऊक नसणार. ठाऊक असणार फक्त एका व्यक्तीला, जी रोज सकाळी काढा करणार आणि स्वतः काढलेल्या चिठ्ठ्यांप्रमाणे पेल्यात ओतणार. ती व्यक्ती अर्थात माझी बायको, विजयश्री.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. आंधळी चाचणी म्हणजे काय, पूर्वग्रह म्हणजे काय. तिने पदराला हात पुसत ऐकून घेतलं आणि 'बरं' म्हणाली. तिच्या 'बरं'चा अर्थ लग्नाला एकतीस वर्षं होऊनही मला लागलेला नाही.

या सगळ्या तयारीत वीस दिवस गेले, उरले चाळीस. पण काय सांगू, गाडी रुळावर आली. रोज सकाळी साडेसहाला अकरा माणसं आमच्या हॉलमध्ये. डॉक्टरांचा नियम मी काटेकोर पाळला: घरी सगळ्यांनी मीठ कमी, आणि इथे आधी दहा मिनिटं शांत बसायचं, मोबाइल टोपलीत, बोलणं बंद. इंदुताईंना हे पहिले चार दिवस फार जड गेलं. मग काढा, मग पट्टा, मग आकडा चार्टवर. चार्ट मी पेनाने भरायचो, कारण क्वालिटीत पेन्सिल चालत नाही. काढ्याला वाळल्या गवताचा वास यायचा आणि मागून कडवट चव, तरी लोक शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे. विजयश्री आतून पेले आणायची, रिकामे न्यायची, साखर नाही म्हणून कुरकुर करणाऱ्याला मनुका द्यायची, मोबाइलची टोपली फिरवायची. बाहेर प्रयोग चालायचा आणि आत कुकरच्या शिट्ट्या.

आकडे खरोखर उतरायला लागले. अकराच्या अकरा. माझा प्रयोगाच्या विसाव्या दिवशी १४२, तिसाव्या दिवशी १३६. मी कंपनीत ताठ चालायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपच्या लोकांना एपिजेनिन समजावून सांगायला लागलो. पूजा कमिटीचा रोहिदास, चाकणच्या जुन्या घराण्यातला, मला म्हणाला, "आमी तर शेवंती निस्ती मशिनीला घालतो, मशिनीचं प्रेशर बी वाढलेलं न्हाई कधी." मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

चाळिसावा दिवस उजाडला. खंडेनवमी. सकाळी मी हॉलमध्ये शेवटचं माप घ्यायला बसलो आणि पाहतो तर आमचं रक्तदाबाचं यंत्र देवघरासमोर पाटावर. विळी, सुरी, स्कूटरची किल्ली, शिलाई मशीनची बॉबिन, आणि मधोमध ते, हळदीकुंकू लावलेलं, गळ्यात बिनफवारणीच्या शेवंतीचा हार घातलेलं. विजयश्री म्हणाली, चाळीस दिवस राबलंय बिचारं, आज त्याला विश्रांती. पूजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, हे माझ्या आईनेही पाळलेलं. मी मुकाट्याने सगळ्यांना नुसताच काढा पाजला. म्हटलं, आपल्याला काय, डॉक्टरांचं यंत्र आहेच.

खंडेनवमीला कंपनीत घरच्यांना बोलावतात. मशीनपूजा, शिऱ्याचा प्रसाद, आणि बायकामुलांना आपला माणूस दिवसभर कुठे उभा असतो ते पाहायला मिळतं. विजयश्री दरवर्षी काही ना काही कारणाने यायचं टाळायची, या वर्षी, न जाणो शेवटचं असेल, म्हणून आली. तिला शिऱ्याच्या रांगेत उभी करून मी चार्टची गुंडाळी काखेत मारली आणि दवाखान्यात गेलो.

दवाखान्याच्या दारालाच तोरण. आत सिस्टरने कामात काही कसर ठेवली नव्हती. थर्मामीटरला कुंकू, कात्रीला हार, व्हीलचेअरला ऊस बांधलेला. आणि टेबलावर रक्तदाबाची दोन्ही यंत्रं, गळ्यात शेवंती घालून, पुढ्यात पेढा. डॉक्टर कोपऱ्यात हात बांधून बसले होते. रोहिदास दारात पहारा दिल्यासारखा उभा.

"पूजा झालीया," रोहिदास म्हणाला. "आता उद्यापातूर हात लावायचा न्हाई."

मी म्हणालो, अरे हे यंत्र आहे. तो म्हणाला, हत्यार ते हत्यार. मी म्हणालो, माझं एक्स्टेन्शन आहे. तो म्हणाला, दोन सालामागं पूजा झाल्यावर पाच नंबरची प्रेस चालू केली तर काय झालं ते विसरला का? विसरलो नव्हतो. काहीच झालं नव्हतं, पण साहेबांनी तेव्हापासून लेखी बंदी घातली होती. माझा आवाज चढला. चाळीस दिवस जपलेलं सगळं कानशिलात ठणकायला लागलं. डॉक्टर म्हणाले, ज्योतीराम, असे ओरडलात तर मोजून उपयोग नाही.

शेवटी तोड रोहिदासनेच काढली. उत्तरपूजा करा, म्हणाला, अक्षता टाकून यंत्र उत्तरेला जरा सरकवलं की ते मोकळं झालं. आता उत्तर कुठे, यावर दवाखान्यात चार मतं पडली. सिस्टरने मोबाइलमधलं होकायंत्र काढलं, ते मला मान्य नव्हतं, कारण ते कॅलिब्रेट केलेलं नव्हतं. मी क्वालिटी खात्यातून प्लांटचा नकाशा मागवला. त्यावर उत्तर म्हणजे हात धुवायचं बेसिन निघालं. मी अक्षता टाकल्या आणि यंत्र बेसिनच्या दिशेने चार बोटं सरकवलं. बाही वर करून दंड पुढे केला.

"थांबा," रोहिदास म्हणाला. "पयला मान सवाष्णीचा."

वाद घालायची ताकद माझ्यात उरली नव्हती. नेमकी तेव्हाच विजयश्री हातात शिऱ्याचे दोन द्रोण घेऊन मला शोधत दारात आली. मी म्हणालो, बस जरा, एक मिनिटाचं काम आहे, नुसता मान आहे. सिस्टरने यंत्राला आणि तिला कुंकू लावलं आणि डॉक्टरांनी पट्टा बांधला. तेवढ्या वेळात मी चार्ट उलगडून डॉक्टरांना दाखवत होतो. सकाळीच तिच्या चिठ्ठ्या उघडून हिशेब केला होता: डबा ए चौदाने उतरला, डबा बी तेराने. दोन्हींत फरक का नाही एवढंच मला कळत नव्हतं, पण तेही मी त्यांना समजावून सांगणार होतो.

डॉक्टर चार्टकडे बघत नव्हते. त्यांनी पट्टा सोडला, दुसऱ्या हाताला बांधला, पुन्हा फुगवला. "१७८ वर ११०," ते म्हणाले. "वहिनी, डोकं दुखतं का कधी?"

"सकाळी दुखतं थोडं," विजयश्री म्हणाली. "कामात विसरायला होतं."

"तुम्ही हा काढा घेत होतात का? कुठला डबा?"

ती माझ्याकडे बघून जरा ओशाळली. "डबे कसले डॉक्टर. एकाच पातेल्यातलं सगळ्यांना देत होते मी. शेजारी शेजारी बसलेली माणसं, एकाला फूल आणि एकाला नुसतं पाणी? पंक्तिप्रपंच करायचा का मी माझ्या घरात? हळद पाचांच्या पेल्यात चिमूटभर टाकायचे, यांचं मन राखायला."

"आणि तुम्ही?"

"उरला तर घेणार होते. उरायचा नाही."

डॉक्टरांनी तेव्हा चार्ट हातात घेतला. बराच वेळ पाहून म्हणाले की शेवंतीबद्दल यावरून काहीच सांगता येत नाही. पण ही अकरा माणसं चाळीस दिवस रोज दहा मिनिटं गप्प बसली, मीठ कमी खाल्लं, सगळ्यांना कुणीतरी कपभर काहीतरी हातात आणून दिलं. उतरलं त्यात नवल नाही. मग त्यांनी विचारलं, बाराव्या माणसाचं माप कुठंय? तीस वर्षांत न मोजलेला एक पीस मी गेटबाहेर जाऊ दिला नव्हता, आणि माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर पेले घेऊन ये-जा करणारी बाई मी एकदाही मोजली नव्हती. मला लाज वाटली. सरळ सांगतो, फार लाज वाटली.

माझ्याही दंडाला पट्टा बांधला. १६६. डॉक्टर म्हणाले, तुम्ही घाबरलाय म्हणून, दहा मिनिटं शांत बसा, पुन्हा मोजू, एचआरवाले अजून अर्धा तास आहेत. मी म्हणालो, आधी हिला बसू द्या. खुर्ची एकच होती, दुसरीला ऊस बांधलेला.

ती बसली. मी शेजारी उभा राहिलो, घड्याळाकडे बघत. दवाखान्याच्या काचेतून प्रेस शॉप दिसतं. हार घातलेल्या मशीन ओळीने बंद उभ्या होत्या. तिसऱ्या मिनिटाला ती म्हणाली, शिरा गार होतोय. मी म्हणालो, बोलायचं नाही. सहाव्या मिनिटाला तिने डोळे मिटले. नवव्या मिनिटाला तिची मान एका बाजूला कलली आणि ती चक्क झोपली. मी तिला उठवलं नाही, डॉक्टरांनीही नाही. एचआरवाले फाइल बंद करून गेले तेव्हा मी तिथेच उभा होतो, हातात शिऱ्याचे दोन द्रोण घेऊन.

आता मी निवृत्त आहे. विजयश्रीची गोळी चालू आहे, माझीही. मला लाल रंग कोणी फासलेला नाही. अकरा माणसं अजून सकाळी येतात, कारण त्यांना गप्प बसायची चटक लागली आहे, इंदुताईंना सर्वांत जास्त. काढा मी करतो. पहिल्याच दिवशी पहिला पेला मी तिच्या हातात दिला. चाळीस दिवस तो करणाऱ्या बाईने तो त्या दिवशी पहिल्यांदा तोंडाला लावला, आणि तिचा चेहरा वाकडा झाला.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे प्यायची ही माणसं? माझ्या भिडेखातर?"

मी म्हणालो, बोलायचं नाही, अजून माप व्हायचंय. मग तिचं माप घेतलं, १४४ वर ९२, आणि चार्टवर बारावी ओळ आखून तिचं नाव लिहिलं. लिहिल्यावर वाटलं, ते सगळ्यांत वर हवं होतं. पण पेनाने लिहिलं होतं, आणि आमच्यात खाडाखोड चालत नाही. म्हणून तो कागद फाडला, नवा आणला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.